दाराचा हिशेब

रोहिदास वेर्लेकरांना पहिलं दार मी करून दिलं.
फणसाचं, सहा फूट दोन इंच,
आगाऊ अडीचशे आणि एक बाटली उर्राक.
दुसऱ्यासाठी त्यांच्याकडे पैसे कधी जमले नाहीत,
म्हणून प्रत्येक चित्रपटात तेच.

भुताच्या चित्रपटात ते करकरलं
(बिजागरीला आदल्या रात्री मी मीठपाणी पाजलं होतं).
विनोदीत तेच एस्पेरान्साबाईंच्या अंगावर
चौकटीसकट आडवं झालं.
फोंड्यात लोक इतके हसले
की पुढचे चार संवाद कुणाला ऐकूच आले नाहीत,
आणि मागच्या रांगेत रोहिदासबाब
तेवढेच चार संवाद ओठांतल्या ओठांत म्हणत होते.

ऐतिहासिकसाठी त्याला पितळी खिळे हवे होते.
मी सोड्याच्या बाटल्यांची बुचं ठोकली.
मग खुनाची गोष्ट आली, किल्लीचं भोक मोठं केलं,
कॅमेऱ्याला पुरेना, आणखी केलं,
शेवटी त्यातून हात जायला लागला.
मुलांच्या चित्रपटात त्याच भोकातून मांजर आलं.
ते कागदावर नव्हतं. शेजारच्या पेद्रूचं मांजर,
वास घेत घेत आपणहून आलं.
"राहू दे," एवढंच म्हणाले.
त्या वर्षीचं बक्षीस मांजराचं, असं मी धरून चालतो.

पणजीला महोत्सवात एका शहाण्याने विचारलं,
भूत, हशा, तलवारी, खून,
यात तुमचं स्वतःचं काय?
रोहिदासबाबांनी चष्मा काढून पुसला.
पुसतच राहिले.
मी मागे भिंतीला टेकून. म्हणावंसं वाटलं,
दार माझं आहे.

प्रत्येक चित्रपटात कुणीतरी येतं,
बंद दारासमोर थांबतं, हात उचलतं,
आणि वाजवत नाही.
भूतसुद्धा. सरदारसुद्धा.
दर वेळी शूटिंगच्या आधी मला बोलावणं यायचं :
गुरुदास, इथे रंधा मार, इथे हात पोचतो.
कुणाचा, ते मी विचारलं नाही. सुताराने मापं घ्यावीत.
वहीत लिहिलंय, जमिनीपासून दोन फूट अकरा इंच.
तिथे थाप मारायला मोठ्या माणसाला वाकावं लागेल,
नाहीतर सात वर्षांचं असावं लागेल.

शेवटचा प्रेमाचा. ते बाहत्तरचे.
सांग्याला, बंद खाणीच्या कचेरीत.
निरोप आला, या खेपेला नुसती चौकट आण.
मी सवयीने दारही चढवलं टेम्पोत.
ते बघून हसले. उतरवू दिलं नाही.
चौकटीतून नायिका सरळ आत गेली,
कुणी थांबलं नाही, कुणी हात उचलला नाही,
आणि चित्रपट चार दिवसांत उतरला.

दार आता माझ्या कारखान्याला.
पावसाळ्यात फुगतं, लाथ घालावी लागते.
बुचं गंजली. मांजराचं भोक तसंच आहे.
त्या एका जागी लाकूड अजून मऊ लागतं हाताला.

टेम्पोचं भाडं, एकशे ऐंशी, येणं बाकी.