शून्य ते दहा

भोसरीत एकतीस वर्षं लेथवर
मायक्रॉनच्या हिशेबात गेली.
आता गुडघा बदललाय,
आणि रोज सकाळी सातला
फोनमधलं ॲप विचारतं:
वेदना किती? शून्य ते दहा.

इथं व्हर्नियर लागत नाही.
खाली चेहरे, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत.
मी चार दाबतो.
चार म्हणजे नक्की किती, देव जाणे.

ऑपरेशनआधी त्याचं बरं होतं:
रात्री बारानंतर पाणी नको,
अंगठी काढा, कवळी डबीत ठेवा.
सांगेल ते करायचं.

काल गुडघा त्र्याऐंशी अंशांत वाकला.
‘शाब्बास, निवृत्ती!’
सुपरवायझर कधी म्हणाला नव्हता.

हौसा बर्फाची पिशवी धरून बसली होती.
सहज विचारलं,
ससूनला तुझी पिशवी काढली,
तेव्हा किती होतं गं, दहापैकी?

‘बाराव्या दिवशी हंडा उचलला,’ म्हणाली,
‘तुमची सेकंड शिफ्ट होती.’

फोन किणकिणला: आजचं उत्तर बाकी आहे.
मी तो तिच्या हातात दिला.
चष्मा शोधून
बराच वेळ ती चेहऱ्यांवरून बोट फिरवत राहिली,
मग शेवटचा दाबला.

पाच मिनिटांत नर्सचा फोन:
‘काका, अचानक एवढं काय दुखतंय?
कधीपासून?’