बाहेर असतात

लेंगऱ्यात कुणी कुणाच्या नवऱ्याबद्दल विचारत नाही.
सगळ्यांचेच बाहेर.
कुणी कोचीनला, कुणी सुरतेला, कुठल्याशा बोळात
भट्टीपुढं वाकलेला,
यात्रेला येतो चार दिवस, सेंट मारून.
म्हणून पहिलं वर्षभर कळलंच नाही कुणाला
की आमचे बाहेर नाहीत,
आत आहेत.

मदुराईला.
एका पोरानं साखळी आणली, ह्यांनी वितळवली.
मुशीतनं निघालेल्या सोन्याला गळा आठवत नाही.
ह्यांना त्या पोराचा चेहरा आठवायला लावतात,
दर तारखेला.

नणंदेच्या स्थळाला सांगितलं, दुकान वाढवतायत.
सासूबाईंनी यात्रेचा नैवेद्य दाखवला
आणि दाराकडं पाठ करून बसल्या.

कागद येतो तो तमिळमध्ये.
शिक्का तेवढा कळतो, गोल आहे.
दुपारी गल्ली निजली की हणमंततात्यांकडं न्यायचा,
तीस वर्षं तिकडंच काढलेली त्यांनी.
तात्या आधी मनात वाचतात.
किती वेळ मनात वाचतात
त्यावरनंच मला समजतं.

वकिलाचा माणूस फोनवर म्हणायचा, नाळै, नाळै.
पोर तेव्हा पाच दिवसांचं.
मला वाटलं, नाळ पडली का विचारतोय.
पडली, म्हटलं. कालच पडली.
नाळै म्हणजे उद्या, हे तात्यांनी नंतर सांगितलं.

ते पोर आता पहिलीत आहे.
फॉर्मवर लिहिलं: वडिलांचा व्यवसाय, गलाई.
बाईंनी मान वर केली नाही,
अर्ध्या वर्गाचा तोच.

एकदा जाऊन आले. मिरजेहून दोन रात्री.
काचेपलीकडं हे, आणि बोलायला काही सुचेना,
विहिरीला पाणी आहे का, एवढंच.
शिपाई उठा म्हणाला.
तेव्हा हे त्याच्याशी तमिळमध्ये बोलायला लागले,
भराभरा, हात जोडून,
बहुतेक पाच मिनिटं मागत होते माझ्यासाठी.
बारा वर्षांच्या संसारात
तो आवाज मी कधी ऐकला नव्हता.

फीसाठी परवा वाट्या मोडल्या. काळे मणी ठेवले.
विट्याच्या पेठेत, शेजारच्याच भावकीतलं पोर भट्टीवर,
मिसरूड नुकतं फुटलेलं.
वाट्या चिमट्यात धरल्या त्यानं,
कुणाच्या, काही विचारलं नाही.
मी हात धरला त्याचा.
वही काढ, म्हटलं.
नाव लिही माझं, गाव लिही, अंगठा घे.
आधी लिही.
मग पेटव.