डिसेंबरपुरती यादी

आधीच सांगते, मला इंग्रजी तेव्हा येत नव्हतं.
बेळगावात, कॅम्पात, इनास लोबोच्या दुकानी
मी कॅसेटी भरायला होते, साठ मिनिटांच्या.
नाताळच्या पंधरवड्यात दुकान रात्री दहापर्यंत उघडं,
शटरखालून थंडी पायात शिरायची.
म्हणून ही यादी कानाची. अर्थ मागू नका.

पाचवं, ते घंटांनी सुरू होणारं.
घंटा कसल्या, घुंगरं, बैलाच्या गळ्यात शोभतील अशी.
इनास म्हणायचा, अगं, बर्फावरची गाडी असते ती.
मी बर्फ पाहिला होता फिश मार्केटात,
सुरमईच्या खाली, लाकडाच्या भुशात.
त्याच्यावरनं कोण कशाला गाडी हाकेल?
तरी पाचवं, कारण तिसऱ्या कडव्यानंतर
गाणारी चुकून हसते
आणि कुणी ते कापलेलं नाही.

चौथ्यावरून आमचं भांडण.
इनासला ते रॉकवालं हवं,
गिटार असं की सुताराच्या रंध्यात खिळा अडकावा.
त्याचा भाचा रोमाल्द ते वाजवायचा.
क्लब रोडला एका लग्नात ऐन भरात फ्यूज उडाला,
ड्रमवाला अंधारात एकटाच
शेवटपर्यंत बडवत राहिला.
मी कान झाकायचे.
पन्नाशीनंतर आवडायला लागलं. का, माहीत नाही.
कुकरच्या शिट्टीवर नीट बसतं.

तिसरी जागा सध्या रिकामी.
तिथं जे होतं ते मोबाइलची दुकानं
दसऱ्यापासून वाजवतात आता.

दुसरं मला शिपायांनी शिकवलं.
सेंटरातली पोरं, मान भादरलेली,
कुणी चंदगडचा, कुणी आजऱ्याचा,
रविवारच्या पासावर यायची:
ताई, ते घरी यायचं गाणं हाय न्हवं, ते भरा की.
इंग्रजी त्यांनाही येत नव्हतं.
मग घरचं आहे हे कळलं कसं?
एकदा विचारलंच. दौलू म्हणून होता एक,
टोपी हातात फिरवत म्हणाला,
त्या शब्दाआधी गडी दम घेतोय की.
मी दोन्ही बाजूंना तेच एक भरून दिलं,
सहा वेळा इकडे, सहा वेळा तिकडे.
पैसे एकाच बाजूचे घेतले.
इनास त्या वेळी पेन्सिलीनं रीळ गुंडाळत होता,
फारच मन लावून.

आणि पहिलं. इथं वाद नाही.
इनासनं एका संध्याकाळी रेडिओवरून उतरवलेलं,
कुठलं स्टेशन, कोण गातं, देव जाणे.
एक बाई, मागे पियानो,
आणि दीड मिनिटानं धारवाडकडची लहर मध्ये घुसते:
एक गृहस्थ, अगदी शांत, बाजारभाव सांगतात,
हुब्बळ्ळी, उळ्ळागड्डी, क्विंटलला इतके.
मग बाई परत येते,
जशी काही भाव ऐकायलाच थांबली होती.
तीच प्रत आम्ही अख्ख्या कॅम्पाला विकली.
पुढं पुढं तर मध्यरात्रीच्या मिस्सेनंतर
मांडवात नाचता नाचता सगळे त्या जागी थांबायचे
आणि एका सुरात ओरडायचे: उळ्ळागड्डी!
कोकणी घरातले, शहापूरचे विणकर,
नोव्हेंबरात पाट्यांच्या भाषेवरून
एकमेकांशी अबोला धरलेलेसुद्धा.

परवा भाचीनं ते फोनवर शोधून दिलं.
नाव सांगत होती, मी म्हटलं, राहू दे.
गाणं स्वच्छ, धुऊन वाळत घातल्यासारखं.
दीड मिनिटाला मी थांबले.
बाई थांबली नाही.

मग पिशवी घेतली, बाजारात गेले.
घरात कांदा होता खरं तर, टोपलीभर.
कोपऱ्यावरच्या गाडीवाल्याला विचारलं,
उळ्ळागड्डी हेंग?
तो मराठीत म्हणाला,
चाळीस. किती घालू, मावशी?