दातांच्या कण्या

फोंड्याच्या वरच्या बाजारात, दुसऱ्या मजल्यावर
डॉक्टर बोरकर बाई आरसा धरतात:
"या दाढा बघा. साठीतल्या वाटतात.
वय काय तुमचं?"
एक्केचाळीस.
"मग रात्री दात कुणावर खाता?"
दंडाला पट्टा. एकशे छप्पन्न, शंभर.
फॉर्मवर: अविवाहित.

दातांच्या कण्या करतात लोक, विनवून विनवून.
मी तर कुणाला काही विनवलंच नाही.
घरमालकाला सांगितलं,
मैत्रीण आहे, दिवाडीची, फेरीबोट चुकली म्हणून राहिली.
अकरा वर्षं तिची बोट चुकतेय.
मामलेदार कचेरीत डबा उघडताना
"काल ती आली" मधली आली
ओठांशी आणून वळवायची:
आमच्याकडचे आले होते.
मराठीत क्रियापदं चहाडखोर.
शेवटचा स्वर फुटायच्या आत
जबडा आवळायचा, दिवसातून तीसदा, चाळीसदा.
दुखत नाही.
संध्याकाळी सुटत नाही, एवढंच.

ओलिंडा म्हणते,
"रातभर रगडो घुंवता गो तुज्या तोंडांत."
उठते, पाणी पिते,
माझ्या कानाखालच्या गाठीवर अंगठा ठेवून बसते.
सकाळी सातवी ब ला अपूर्णांक शिकवायचे असतात तिला.

बाईंनी साचा घेतला.
गुलाबी लगदा, पुदिन्याच्या चवीचा, तोंडभर.
"आवाज होतो का? ऐकतं कोण?"

अविवाहित बाईचे दात
रात्री ऐकतं कोण.

तोंड भरलेलं होतं म्हणून सुटले.
सुटले याचाच राग आला,
आणि कानशिलात ठोका वाजू लागला, ओळखीचा,
घरमालकाच्या चपला जिन्यात वाजतात तसा.

तीन मिनिटांनी साचा निघाला.
माझेच दात माझ्यासमोर, उलटे, खळग्यांचे.
बाई हात पुसत होत्या. थांबल्या होत्या.

"ओलिंडा," म्हटलं. "ती ऐकते."

ते ऐकतात नाही. घरचे ऐकतात नाही.
ऐकते.

बाईंनी वर पाहिलं नाही. कार्डावर काहीतरी लिहिलं.
"बरं. तिला विचारा,
कुठल्या कुशीवर जास्त खाता.
आणि रक्तदाबाची गोळी चुकवू नका."

खाली रिक्षा, मासळीचा वास, चार हजारांची पावती.
ठोका तसाच होता.
जुन्या गोव्याच्या धक्क्यावर सव्वासहाची बोट लागत होती.
आज मीच दिवाडीला निघाले.
पाण्याच्या मध्यावर केव्हातरी लक्षात आलं,
वरची दाढ खालच्या दाढेला टेकलेली नाही.
थोडी फट आहे.
जिभेने चाचपून पाहिली, पुन्हा पाहिली.
मग पलीकडचा धक्का आला,
ओळखीचं कुणीतरी हात करत होतं,
आणि ती मिटली.