बेबी ऑफ हर्षला

सातव्या महिन्यात दोन दिवस अंग कणकणलं.
गोळीबार चौकातल्या आमच्या कांडपात
मिरचीचा घाणा चालू होता,
सगळ्यांच्या नाकाडोळ्यांना धारा,
मी एकटी कोरडी.
दगडफूल हुंगलं, जायपत्री हुंगली, जशी माती.
सासू म्हणाली, दिवसांत होते असं.
विसरलो.

डागात झाली. अडीच किलो, खणखणीत रडली.
अकराव्या दिवशी अंगभर पुरळ,
ओठ कुंकवाचं बोट फिरवल्यासारखे,
दूध ओठांवरूनच परत यायचं.
ऑटोतून मेडिकलला नेताना
बाहेर पंचेचाळीस होतं,
मांडीवर त्याहून जास्त.

मेश्राम मॅडमनी पावतीच्या मागे
अक्रोडाएवढं हृदय काढलं,
एका नळीवर पेन दोनदा फिरवला. इथं फुगलीय.
आजार हिच्यात नाही, रिपोर्ट निगेटिव्ह आहे.
पण तुमच्या अंगात त्याच्याशी लढणारं जे तयार झालं,
ते नाळेतून हिच्याकडे गेलं. रक्षणासाठीच गेलं होतं, बरं का.

म्हणजे पाठराखीण.
लेकीसोबत मीच पाठवलेली,
आणि शत्रू कधीच उठून गेलेल्या घरात
ती अजून भांडी आपटत, दारं फोडत फिरतेय.

"तुहं काय चुकलं बाप्पा यात?"
नवरा तीनदा म्हणाला.
तीनदा म्हणाला, म्हणून मोजलं मी.

औषधाची बाटली बाहेरून आणावी लागली.
कांडपाची एक मोटर गेली त्यात.
सिस्टर म्हणाली, हजारो लोकांच्या रक्तातून काढतात हे.
मी काचेबाहेर थेंब बघत बसले.
कोण असतील?
एखादा ट्रकवाला,
रक्त देऊन बिस्किट खाणारा कॉलेजातला पोट्टा,
कोणाची तरी मावशी.
सगळे त्या एवढ्याशा सुईतून रांगेनं आत शिरत
माझ्या पाठराखणीला हाताला धरून सांगत होते,
बाई, बस कर आता. झालं.

चौथ्या दिवशी ताप उतरला.
नळी फुगलेलीच आहे.
चौदा तारखेला पुन्हा इको,
तोवर रोज गोळीचा एक इवलासा तुकडा, दुधात विरघळवून.
बारसं राहिलंय.
फाइलवर, मनगटाच्या पट्टीवर, बिलावर
अजून माझंच नाव.

काल उरलेल्या मोटरीवर पहिला घाणा लागला.
सासूनं आतलं दार लावून घेतलं,
तरी फटीतून आलंच थोडं.
आधी ती शिंकली.
मग मी.