बाराच्या आधी

धुळ्यात, पारोळा रोडला माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान.
जळालेली मोटार उघडायची, काळी पडलेली तार उपसायची,
नवं तांबं भरायचं, वार्निश, ऊन,
आणि संध्याकाळी कुणाच्या तरी विहिरीवर पाणी.
भाचीला मला एवढंच सांगता आलं.

दुसरा मजला, खाट नऊ.
हर्षाली, पंधरा वर्षांची, गळ्यात सुपारीएवढी गाठ,
सकाळी आठला ऑपरेशन.
म्हटलं, डॉक्टर पण तसंच करतात बघ,
उघडतात, खराब तेवढं काढतात, बंद करतात.
ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली,
"मी काय पाच हॉर्सपॉवरची आहे का, मामा?"

गप्प बसलो.
जिन्यात ताई फोनवर सगळ्यांना सांगत होती,
छोटंसंच आहे, छोटंसंच,
आणि नाक ओढत होती.

पिशवीत दुकानाची वही होती.
कोरं पान काढून दिलं. लिही, जे विचारायचंय ते.
आवाज जाईल का.
मधेच जाग आली तर.
व्रण ओढणीने झाकेल, की शर्टाचं वरचं बटण लावावं लागेल.
तो झगा मागून उघडा असतो, नाड्या कोण बांधणार.
पाचवा प्रश्न लिहिला आणि खोडला. इतका, की कागद फाटला.

डॉक्टरीणबाईंनी उभ्या उभ्या पान वाचलं
(मागे शिरपूरच्या गिऱ्हाइकाची बाकी, बेअरिंग दोन, नऊशे).
म्हणाल्या, आवाज बसेल थोडे दिवस.
कायमचा जाण्याची शक्यता फार कमी.
पण शून्य म्हणणार नाही मी.
ताई दचकली.
पोरगी उठून मांडी घालून बसली,
डबा मागितला, कळण्याची अर्धी भाकरी खाल्ली.

बाराच्या आत पाणी पिऊन घ्या, सिस्टर सांगून गेली.
वरचा पंखा रेंगाळत फिरत होता,
कपॅसिटर गेलेला. मला दिसत होतं, पण तो माझा नव्हता.
पावणेबाराला अंधारातून, घरच्या बोलीत,
"मामा, झोपमा मी काही बोलसू का?"
बोलनी तरी कोन आयकी?
"तठे सगळा आयकतीन."

हा तो खोडलेला पाचवा.
काय सांगावं ते सुचेना.
तिनेच खुणेनं कान जवळ मागितला
आणि एक नाव सांगितलं,
नावाच्या पुढचं एक वाक्यही.
मग बाटलीतलं उरलेलं पाणी घटाघटा प्यायली.
"आते निंघी गयं," म्हणाली, "आता तिथे काय बाहेर पडणार?"
आणि झोपली. मी नाही.

सकाळी नाकातली चमकी त्याच पानात गुंडाळून
माझ्या खिशात कोंबली.
झग्याच्या नाड्या आयाबाईंनी बांधल्या,
दुहेरी गाठ, मी बघून घेतली.
दाराशी मला थांबवलं.

चौथ्या दिवशी, पट्टीखालून,
बेअरिंग गेलेल्या मोटारीसारखं खरखरत
पहिलं अख्खं वाक्य आलं.
ताईला वाटलं, पाणी मागतेय.

"कोनले सांगं नई ना?"

नई, म्हटलं.