देखरेख कोणाची

फॉर्ममध्ये एक रकाना आहे :
प्रात्यक्षिकाचे एकूण तास.
त्याच्या शेजारी, जरा अरुंद,
देखरेख कोणाची : नाव, पद, सही.

क्वार्टरचा पंखा अकराला बंद पडतो,
मग मी मोबाइलच्या उजेडात बेरीज करते.
मेडिकल वॉर्ड, सर्जिकल, बालरुग्ण,
नागपूरची तीन वर्षं सोपी आहेत,
तिथे ट्यूटर होत्या, हजेरीपट होता,
आणि मी 'पानी' म्हटलं की हसणारा अख्खा वर्ग.

पुढची सहा वर्षं कशी भरू?
आरोग्य केंद्र, मौजा डोंगरहेटी,
डॉक्टरांची जागा रिक्त.
मधे एक आले होते,
धान कापणीवर यायच्या आत बदली घेऊन गेले.

तलावाच्या वळणावर वाघ बसला होता.
ईश्वरने गाडीचे दिवे मालवले.
आत रंजना, आठवा महिना, झटके येऊन गेलेले,
मी तिला डाव्या कुशीवर धरून बसले,
एक तास चाळीस मिनिटं.
हे तास कुठे दाखवू?
देखरेख : वाघ. पद : कायम.
(माझं कंत्राटी, दर अकरा महिन्यांनी नवं.)

खरं लिहायचं तर नाव एकच आहे.
बयनाबाई शेडमाके,
अंशकालीन स्त्री परिचर, मानधनावर,
आता तेही नाही.
पहिल्या बाळंतपणाला माझे हात थरथरत होते,
पुस्तक सगळं आठवत होतं,
फक्त पानं मागेपुढे झाली होती.
तिने माझ्या कोपराला आपला कोपर लावला.
"घाई कायची हाये वं? त्याले येऊ दे ना."

मार्चमध्ये तिकडचं पत्र आलं.
एजन्सीने अर्थ कळवला :
बाकी सर्व ठीक,
वृद्धसेवेत तीनशे वीस तास कमी.

तोवर मी शब्द पाठ करते.
श्मेर्त्स. दुखणं. पुल्लिंगी.
वहीत दोनदा लिहिलं, तरी पटत नाही,
आपल्याकडे कळ बाईच आहे.

रविवारी बयनाबाईकडे गेले.
अंगणात मोह वाळत होता,
ती काठी आपटून शेळी हाकलत होती,
शेळी जिथे नव्हती तिथे.
एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला,
दुसऱ्याची तारीख हुकली.
पायाची नखं वाढून मासात वळलेली.
मी घमेल्यात कोमट पाणी घेतलं,
पिशवीतली कात्री काढली.

"किती लांब हाये?"
"विमानानं नऊ तास."
"म्हंजे तुया एका डिवटीयेवढं."
मग बराच वेळ फक्त नखांचा आवाज.
"तिकडं बाया बाळंत होते का?"
"होते. पन मले म्हाताऱ्याइच्या वार्डात ठेवतीन."
"कोनाचे म्हातारे?"
"त्याइचेच."
"पोट्टे नाई त्याइले?"

मी उजवा पाय पुसला.
टाचेच्या भेगांत तेल भरलं.
काय सांगणार होते,
माझीच आई तिकडे मुलच्या रस्त्यावर
एकटी भाताचं पाणी काढत असेल.

अंगठा चालत नाही,
एजन्सीने आधीच बजावलंय.
तरी मी झेरॉक्स काढून आणली होती,
आणि प्रसूतिगृहातलं शाईचं पॅड.
तिने वास घेऊन ओळखलं.
"हे त लेकराच्या पायाले लावतो आपुन."
"हो."
"मंग मी कोनाची लेकरू?"
आणि हसली, दात नसलेलं,
आणि अंगठा दाबला, हवा त्याहून जोरात.

रकान्यात मावला नाही तो.
अर्धा पदावर गेला,
थोडा एकूण तासांवर.
मी कागद वाळायला मोहाशेजारी ठेवला,
वर दगड.

डावा पाय अजून पाण्यातच होता.